टेप एको उघडताय? आधी या चुका टाळा

टेप एको म्हणजे आवाज टेपवर उतरवून थोड्या वेळाने परत ऐकवणारं, गाण्यावाजवण्याला एको देणारं मशीन. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टेप एकोंमध्ये मूळ बिघाड बहुतेक वेळा छोटाच असतो. वेळ जातो तो आधीच्या हातांनी करून ठेवलेलं निस्तरण्यात. खाली लिहितोय ते रोलँडच्या आरई-२०१ ‘स्पेस एको’ला धरून. १९७४ चं हे जपानी मशीन. पाव इंची टेपचा बिनटोकाचा लूप त्याच्या डब्यात मोकळा पडलेला असतो आणि इरेझ (जुनं पुसणारं) हेड, रेकॉर्ड (आवाज उतरवणारं) हेड, मग तीन प्लेबॅक (ऐकवणारी) हेड यांच्यावरून फिरत राहतो. टेपला रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत पोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळाने एको ऐकू येतो. टेपची चाल बिघडली की आवाज बिघडलाच.

आणल्या आणल्या प्लग लावणं. जपानहून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं. मागची पट्टी न वाचता ते आपल्या २३० वर लावलं, तर नुसता फ्यूज गेला तरी नशीब समजा. आपल्याकडे सहज मिळतो तो ११० व्होल्टचा स्टेप-डाउन. १०० चा शोधा. आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं मशीन मी कधीच थेट सुरू करत नाही. आधी सिरीज बोर्डावर, म्हणजे मशीनकडे जाणारी वीज बल्बमधून नेणाऱ्या बोर्डावर, ६० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं, लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. अमेरिकेतून एकोप्लेक्स ही दुसरी टेप एको आणणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. तिची मोटर एसीवर चालते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण विजेच्या सेकंदाला ६० सायकलच्या जागी आपले ५० तसेच राहतात आणि मशीन हळू फिरतं. आरई-२०१ ची मोटर डीसी आहे, तिला हा त्रास नाही.

टेपकडे न बघता सोल्डरिंग गन हातात घेणं. ही चूक मला सर्वांत जास्त छळते. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा मशीन घेऊन आला. “काका, एको थरथरतोय. सगळे कपॅसिटर बदलले, तरी तसंच.” खरंच सगळे बदलले होते, एक तर उलटा बसवला होता. मी झाकण काढलं, नुसतं बघत बसलो. थरथर सतत नव्हती. ठरावीक वेळाने एकच झटका यायचा. टेपच्या जोडावर, मागच्या बाजूने, पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. खूण हेडवरून गेली की झटका. चार फेऱ्या पाहिल्या, चारही वेळा तेच.

लूप काढला. जोड स्टेशनरीच्या दुकानातल्या सेलोटेपचा आणि सरळ कापलेला. उष्णतेने त्याचा डिंक कडेने बाहेर आला होता, हेडना आणि पिंच रोलरच्या (टेप दाबून धरणाऱ्या चाकाच्या) रबराला चिकट पट्टा बसला होता. जोड नेहमी तिरका कापायचा, स्प्लायसिंग टेपनेच (टेप जोडण्यासाठीच्या खास चिकटपट्टीने) करायचा आणि चिकटपट्टी टेपच्या पाठीवर, चुंबकीय बाजूला कधीच नाही. मी कडाही ब्लेडने तपासतो. केसाएवढी पट्टी बाहेर आलेली चालत नाही. नव्या लूपवर मशीन सुरेख चाललं, पण तोवर त्याचे दोन पगार खर्च झाले होते.

झटका फेरीगणिक येत असेल तर जोड बघा. भरभर थरथर असेल तर कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि पिंच रोलर. रबर चकचकीत, कडक किंवा एका जागी चपटं झालं असेल तर रोलर बदलायचा. कानाने इतकं ओळखता येतं, पण त्यासाठी दहा मिनिटं शांत बसावं लागतं, आणि नव्या मुलांना तेवढंच जमत नाही.

आतले ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या जुळणीच्या बारीक कळा, फिरवून बघणं. “थोडा फिरवला, फरक पडला नाही, मग दुसरा फिरवला.” हे ऐकलं की माझे दोन रविवार गेलेच. बायसचा (रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून आवाजात मिसळायच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या सिग्नलचा) ट्रिमर मूळ जागेवरून हलला की आवाज घुसमटतो किंवा फाटतो, आणि नेमका बसवायला मीटर लागतो. फिरवायचाच असेल तर आधी फोटो काढा, मार्करने रेघ मारा. हेडचे स्क्रू तर सोडूनच द्या.

साफसफाईला सगळीकडे एकच स्पिरिट. हेड आणि कॅपस्टनला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीवर. रबराला मात्र कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब. स्पिरिटने रबर सुकतं. पूर्ण वाळल्याशिवाय टेप लावू नका.

डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढायचं साधन) हेडजवळच बंद करणं. मशीन बंद ठेवा, लूप बाहेर काढा. डीमॅग्नेटायझर लांब धरून चालू करा, जवळ आणा, सावकाश हातभर मागे न्या आणि तिथेच बंद करा. हेडजवळ बंद केलात तर चुंबकत्व उलट वाढवून ठेवाल.

कॅपस्टनवर तेलाचा स्प्रे मारणं. नको. बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतकंच हलकं मशीन ऑइल द्या. टेप जिथून जाते तिथे तेलाचं बोटही नको.

मागचे सूर पुसले जात नाहीत म्हणून नवं इरेझ हेड मागवणं. आधी हेडवरचा तपकिरी थर पुसा. तरी जुने सूर राहिले तर ऑसिलेटर (हेडना लागणारा सिग्नल तयार करणारं सर्किट) तपासा. एकच ऑसिलेटर इरेझ आणि बायस दोन्हीला पुरवतो; म्हणून जुने सूर राहतात आणि नवा आवाजही फाटका येतो, अशी जोडी दिसली की माझा हात आधी तिकडेच जातो.