लॅपटॉप बदलला अन् अपडेटच बसेना: माझा अनुभव

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप केलंय, घडांचं वजन अन् उधारी लिहायला. उन्हाळ्यात जुना लॅपटॉप बसला, नवीन घेतला, त्यावर ॲपची नवी फाइल तयार (बिल्ड) करून व्हॉट्सॲपवर पाठवली तर फोनवर फोन, "काय भो, इन्स्टॉलच होत नाही!" जुनं काढून टाका म्हणणं सोपं होतं, पण त्यात लोकांची सगळी उधारी पुसली गेली असती.

ॲपच्या जुन्या अन् नव्या दोन्ही फाइली एपीके-सायनरने (ॲपवरची डिजिटल सही तपासायचं टूल) तपासल्या, सर्टिफिकेटचे एसएचए-256 ठसे, म्हणजे सहीची ओळख, वेगळे. अन् सही वेगळी असली की अँड्रॉइड जुन्या ॲपवर अपडेट बसू देत नाही. चूक माझीच, इतके दिवस डीबग चावीने (चाचणीसाठी आपोआप बनणारी सहीची चावी) सही करून वाटत होतो अन् ती चावी दर मशीनवर नवीन तयार होते, पासवर्ड तर सगळ्या जगात एकच, 'अँड्रॉइड'.

मग भुसावळला जाऊन जुनी हार्डडिस्क केसमध्ये टाकून घेतली, होम फोल्डरमध्ये लपलेल्या डॉट-अँड्रॉइड फोल्डरात डीबग कीस्टोअर, म्हणजे जुनी चावी असलेली फाइल, सापडला तेव्हा कुठं घास गिळला. त्याने सही केली, अपडेट बसलं, उधारी जशीच्या तशी.

आता कीटूलने (चाव्या बनवायचं टूल) पक्की चावी केलीय, आरएसए प्रकारची, 4096 बिटची, मुदत 10000 दिवस. जुन्या ग्राहकांना तिच्या सहीचं अपडेट द्यायचं तर जुन्या चावीने नवीला मान्यता द्यावी लागते, अन् ते अँड्रॉइड 9 पासूनच चालतं, म्हणून जुनी टाकली नाही. दोन्ही दोन पेनड्राइव्हवर, एक घरी कपाटात, एक सावद्याला मामांकडे. पासवर्ड वहीत, वेगळा.