बंप टेस्टला गॅस डिटेक्टर गप्प

कुर्ल्यात एका इमारतीच्या तळघरात सांडपाण्याचा पंप काढायचा होता. उतरण्याआधी गॅस डिटेक्टरची बंप टेस्ट घेतली, म्हणजे थोडा चाचणी वायू देऊन तो प्रतिसाद देतो का ते पाहिलं, तर हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सांडपाण्यातून निघणाऱ्या विषारी वायूचा आकडा चढेचना. बॅटरी पूर्ण, कॅलिब्रेशनही ताजं. सेन्सरवरचा फिल्टर पाहिला तर चिखलाने बुजलेला, ओला. मुंबईचा पावसाळा, दुसरं काय! फिल्टर बदलला, जनरेटरच्या धुरापासून लांब मोकळ्या हवेत झीरो केलं, म्हणजे आकडा शून्यावर आणला. ऑक्सिजन २०.९ टक्के, स्वच्छ हवेत असतो तेवढाच. पुन्हा बंप टेस्ट घेतल्यावर अलार्म खणखणीत वाजला.

मग डिटेक्टरची नळी खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासली. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. मुकादम म्हणाले, “साहेब, वास तर येत नाही!” प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, त्यांना सांगितलं. तळाशी अलार्म झाला. ब्लोअर लावला, आकडा शून्यावर येईपर्यंत कुणालाही उतरू दिलं नाही.