शोधात दिसणारा माझा पत्ता कसा हटवला

घर भाड्याने देण्याच्या जुन्या जाहिरातीमुळे माझे नाव गुगलवर शोधल्यास मोबाइल क्रमांक आणि पत्ता दिसत असे. संबंधित संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी पानाची लिंक व स्क्रीनशॉट जोडून ईमेल केला. उत्तर आले नाही. मग गुगलच्या वैयक्तिक माहिती हटवण्याच्या अर्जातून विनंती केली, तेव्हा तो निकाल शोधातून गेला. मात्र त्यामुळे मूळ पान पुसले जात नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. संकेतस्थळाला पुन्हा लिहिताना मी संमती मागे घेत असल्याचे स्पष्ट नमूद केले आणि जाहिरात निघाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १२ मध्ये, संमतीने दिलेली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने त्याची अंमलबजावणी अठरा महिने पुढे ठेवली आहे.