पचनमार्गाच्या स्लाइड ओळखताना या चुका टाळा

स्लाइड ठेवल्याबरोबर ४० एक्सचे ऑब्जेक्टिव्ह लावले, की नुसत्या पेशी दिसतात. त्या कोणत्या थरातल्या, हे कळत नाही. आधी ४ एक्सवर संपूर्ण छेद फिरून पाहा. पोकळीकडून बाहेर जाताना म्युकोसा (आतले अस्तर), सबम्युकोसा (त्याखालचा संयोजी ऊतीचा थर), मस्क्युलॅरिस एक्स्टर्ना (स्नायूंचा थर) आणि शेवटी सिरोसा किंवा ॲडव्हेंटिशिया (बाहेरचे आवरण) लागतात. म्युकोसाच्या तळाशी अरेखित स्नायूंची एक अरुंद गुलाबी पट्टी असते, ती मस्क्युलॅरिस म्युकोसी. ही पट्टी सापडल्याशिवाय अवयवाचे नाव घेऊ नका.

पायलोरस (जठराचा शेवटचा भाग) की ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग)? सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दोन्हींत फिकट, श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथी दिसतात. फरक जागेचा आहे: पायलोरसच्या ग्रंथी पट्टीच्या वर, लॅमिना प्रोप्रियात (म्युकोसातल्या संयोजी ऊतीत) असतात, ड्युओडेनमच्या ब्रुनर ग्रंथी मुख्यतः पट्टीच्या खाली, सबम्युकोसात. ब्रुनर ग्रंथींचा थोडा भाग पट्टी भेदून वर येतो, म्हणून एकदोन ग्रंथींवर न जाता बहुतेक ग्रंथी कुठे आहेत ते बघा. सबम्युकोसात ग्रंथी अन्ननलिकेतही असतात, पण तिथे वरचे आवरण अनेकस्तरी चपट्या पेशींचे असते, त्यामुळे चूक व्हायला नको.

जठराच्या आतला भाग ठरवताना खळग्यांची खोली बघा. फंडसमध्ये (जठराच्या वरच्या भागात) खळगे म्युकोसाच्या साधारण पाव जाडीइतके, पायलोरसमध्ये जवळपास निम्म्या जाडीपर्यंत जातात. जठरात गॉब्लेट पेशी (श्लेष्म स्रवणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या पेशी) दिसल्या, तर स्लाइड आतड्याची आहे असे लगेच ठरवू नका. निरोगी जठरात त्या नसतात हे खरे, पण आतड्यासारखा बदल झालेल्या, म्हणजे मेटाप्लेसिया झालेल्या जठरात त्या असतात.

तिरका छेद: व्हिलस (पोकळीत आलेला बोटासारखा उंचवटा) की क्रिप्ट (अस्तरात खोल गेलेली नळीसारखी ग्रंथी)? आडव्या कापात दोन्ही गोल दिसतात. व्हिलसच्या मधोमध लॅमिना प्रोप्रिया, भोवती एपिथेलियम (पृष्ठभागावरच्या पेशींचा थर) आणि त्याबाहेर रिकामी जागा. क्रिप्टमध्ये नेमके उलट: मध्ये पोकळी, भोवती एपिथेलियम आणि बाहेर लॅमिना प्रोप्रिया. हे न पाहता लहान आतड्यातल्या क्रिप्टच पाहिल्या, की स्लाइडला मोठे आतडे म्हटले जाते.

लसिकापिंडांचा गुच्छ दिसला की लगेच इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) म्हणणे हीही तशीच घाई. असे पिंड अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्यातही असतात. शिवाय पायरच्या चकत्यांवर (इलियममधल्या लसिकापिंडांच्या गुच्छांवर) व्हिलाय (अनेक व्हिलस) आखूड किंवा गायब असतात. म्हणून चकतीच्या बाजूला सरका आणि तिथे व्हिलाय आहेत का ते पाहा.

क्रिप्टच्या तळाशी लाल कण दिसले तर ते पोकळीकडच्या बाजूला आहेत का हे तपासा. तसे असतील तर ती पॅनेथ पेशी. लॅमिना प्रोप्रियात सुटी असलेली, दोन पाळ्यांच्या केंद्रकाची पेशी म्हणजे इओसिनोफिल (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी).

स्नायूंच्या दिशेचाही घोटाळा होतो. नळीच्या आडव्या छेदात आतला वर्तुळाकार थर लांब धाग्यांसारखा दिसतो आणि बाहेरचा लांबीच्या दिशेचा थर ठिपक्यांसारखा. उभ्या छेदात हे उलटते. या दोन थरांमधले फिकट पुंजके रक्तवाहिन्या समजून सोडू नका. मोठी पेशी, गोल फिकट केंद्रक आणि ठळक केंद्रिका दिसली, तर ते ऑअरबाखचे जाळे (चेतापेशींचे जाळे).

दोष ऊतीचा असेल तर. म्युकोसा मृत्यूनंतर लवकर विघटित होते आणि व्हिलसची टोके आधी गळतात. आतडे उघडून मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी सपाट लावा आणि ऊतीच्या किमान १० पट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवून फिक्स करा (ऊती कुजण्यापासून टिकवा). इलियम मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) बाजूने उघडा. पायरच्या चकत्या विरुद्ध बाजूला असतात, त्यामुळे त्या मधोमध कापल्या जात नाहीत. मेणात बसवताना तुकडा कडेवर उभा ठेवा, नाहीतर सगळा छेद तिरका येतो. ४ ते ५ मायक्रॉनपेक्षा जाड काप केला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

व्हिलसच्या टोकाशी एपिथेलियमखाली रिकामी फट दिसली तर ती बहुधा आकुंचनाने आलेली असते, सूज नव्हे. एपिथेलियम गळलेले असेल तर शेजारी न्यूट्रोफिल (दाहात येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) शोधा. दोन्ही नसतील, तर ती जखम नसून फिक्स करायला झालेला उशीर असण्याची शक्यता जास्त.