प्रजासत्ताकाच्या पहिल्या नोटा कशा जमवाव्यात

स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या नोटा जमवायच्या असतील, तर मिळेल ती जुनी नोट घेत सुटण्याचा मोह आधी आवरावा आणि १९४९ ची एक रुपयाची नोट व १९५० पासून आलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटा एवढीच मर्यादा आखावी. १९५४ मध्ये आलेल्या आणि जानेवारी १९७८ मध्ये रद्द झालेल्या हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटांच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

राजाच्या चित्राच्या जागी आधी गांधीजींचे चित्र घेण्याचा विचार झाला होता. अखेर सारनाथचे सिंहशीर्ष आले. दहाच्या नोटेमागचे शिडाचे जहाज मात्र पूर्वीचेच राहिले. रिझर्व्ह बँकेच्या त्या काळच्या नोटांवर वर्ष छापलेले नसल्यामुळे काळ ठरतो तो गव्हर्नरांच्या सहीवरून. सी. डी. देशमुखांची सही असलेली राजाची नोट विक्रेते हमखास ‘स्वातंत्र्यानंतरची’ म्हणून पुढे करतात. परंतु देशमुख १९४३ ते १९४९ या काळात गव्हर्नर होते, तेव्हा नुसत्या सहीवर विसंबू नये. १९५० च्या नोटांवर बेनेगल रामा राव यांची सही असते.

खरी गंमत हिंदी मजकुरात आहे. प्रारंभीच्या काही नोटांवर ‘दो रुपया’, ‘पाँच रुपया’ असे एकवचन छापले गेले. पुढे वाद मिटून ‘रुपये’ हे अनेकवचन रूढ झाले. एकाच किमतीच्या या दोन्ही नोटा शेजारी लावल्या की संग्रहाला अर्थ येतो.

कोल्हापुरात शोध घ्यायचा तर माझ्या मते दुकानांपेक्षा जुनी घरे बरी. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी, म्हणजे एक रुपयाची ही नोट आली त्याच वर्षी. त्यामुळे पेठांतला एखादा वाडा उतरवायला निघाला, की त्या काळच्या रोजमेळाच्या वह्या आणि देवघरातले डबे पाहू द्यावेत, अशी घरमालकांना विनंती करावी. लक्ष्मीपूजनाला ठेवलेल्या नोटेवर हळदकुंकवाचे डाग असतात, ते तसेच राहू द्यावेत. मी एकदा ओल्या कापसाने कुंकू पुसायला गेलो आणि शंभराच्या नोटेच्या कोऱ्या भागावर, जलचिन्हाच्या नेमके वर, गुलाबी ओघळ कायमचा बसला.

घेण्यापूर्वी नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहावे, नंतर तिरप्या प्रकाशात घड्या पाहाव्यात. इस्त्री केलेली नोट सपाट दिसते, पण बोटाला तिची करकर जाणवत नाही. टाचण्यांच्या छिद्रांना मात्र बिचकू नये. बँका गड्ड्या टाचत असत, त्यामुळे छिद्रे नसलेली नोटच महाग असते.

नोटा पीव्हीसीच्या पाकिटात न ठेवता पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवाव्यात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्णपणे टाळावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटही ओल धरते, म्हणून अल्बमजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात आणि भिंतीला टेकलेला कप्पा वापरू नये.