हेरल्डचा क्लच मास्टर सिलिंडर बदलताय? आधी पिन बघा

आमची स्टँडर्ड हेरल्ड १९६६ ची, काकांनी घेतलेली, आणि अजूनही दर रविवारी इंदूरच्या रामबागेतून बाहेर निघतेच. गेल्या उन्हाळ्यात सिमरोलहून परत येताना भंवरकुव्याच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभा होतो तर गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकायला लागली. ब्रेक दाबला म्हणून पुढचा स्कूटरवाला वाचला. तिथून सुरू झालेलं काम तीन महिने चाललं, खरं तर ते एका रविवारचं काम आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

क्लच सुटत नाही म्हणजे मास्टरच (पेडल दाबलं की नळीतून ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा सिलिंडर) गेला असं लगेच धरू नका. पायाशी खाली, पुशरॉडच्या (पेडलपासून मास्टरमध्ये जाणारा दांडा) रबरी बूटामागे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टरचं मागचं सील गेलंय. तिथे कोरडं आहे पण मास्टरच्या ऑइलच्या टाकीतली लेव्हल कमी होतेय, तर गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर (मास्टरकडून आलेल्या दाबाने क्लच सोडवणारा) बघा, गळती तिथे असते. आणि कुठेच गळत नाही, लेव्हल पण तशीच, तरी पेडल दाबून धरलं की दाब सुटत जातो, तर मास्टरच्या आतच दाब मागे पळतोय. माझं हेच होतं.

मी काय चूक केली ती सांगतो. स्वस्तात होईल म्हणून फक्त रबर किट (नुसती नवीन सीलं) टाकलं. जुन्या सिलिंडरच्या आत नखाला लागतील असे खड्डे होते, ते दिसत असून बसवलं, दोन महिन्यांत नवीन सील कापलं गेलं. आतली भिंत आरशासारखी असेल तरच किट टाका, नाहीतर सरळ अख्खा सिलिंडर घ्या. घेताना बोअर (आतला व्यास) जुन्याएवढाच हवा, मोठा घेतला तर पेडल जड होतं, लहान घेतला तर स्लेव्ह पुरेसा ढकललाच जात नाही.

सामान फार नाही. नवीन सिलिंडर, नवीन क्लेव्हिस पिन (पुशरॉड पेडलला जोडणारी) आणि कॉटर पिन (ती निसटू नये म्हणून), सीलबंद डबा डॉट ४ ब्रेक ऑइलचा, एक मोठी सिरिंज, पारदर्शक नळी, बाटली. पाने इंचीच लागतात, युनियन नटला (नळी सिलिंडरला जोडणारा) ७/१६ आणि सिलिंडरच्या बोल्टना १/२, मी सियागंजातून आणले. १३ चा पाना १/२ वर बसल्यासारखा वाटतो पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. नाव ब्रेक ऑइल असलं तरी ते तेल नाही हं, यात इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही मिनरल तेल एक चमचा जरी गेलं तरी रबरं फुगतात आणि मग मास्टर, स्लेव्ह दोन्ही पुन्हा उघडावे लागतात.

आदल्या रात्री युनियन नटवर गंज सुटायचं स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोनेट उघडा, हेरल्डचं अख्खं तोंडच पुढे उलटतं त्यामुळे समोर बसून काम करता येतं, हे सुख दुसऱ्या गाडीत सहसा नाही. ब्रेकचा सिलिंडर पण तिथेच शेजारी असतो, म्हणून कुणालातरी क्लच दाबायला सांगून कुठला हलतो ते बघून खूण करा. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, खाली आणि आजूबाजूला प्लास्टिक अंथरा, पाण्याचा मग जवळ ठेवा, कारण हे ऑइल रंग खातं, थेंब पडला की पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

सिलिंडर जागेवर घट्ट असतानाच युनियन नट सैल करा. आधी बोल्ट काढले तर सिलिंडर हातात फिरतो आणि नळी पिळवटते, आणि ती नळी तुटली तर काम दुप्पट. नट फिरताना नळी पण सोबत फिरतेय असं दिसलं तर थांबा, पुन्हा स्प्रे मारा, पुढे-मागे थोडं थोडं फिरवा. मग डॅशबोर्डखाली उताणं झोपून कॉटर पिन काढायची, क्लेव्हिस पिन बाहेर, शेवटी वरचे दोन बोल्ट.

आता ती क्लेव्हिस पिन हातात घेऊन उजेडात बघा. माझ्या पिनेला मधोमध खाच पडली होती आणि पेडलचं भोक लांबट अंड्यासारखं झालं होतं. नवीन सिलिंडर बसवूनसुद्धा क्लच तळाशीच सुटत होता त्याचं कारण हेच. भोकात दोन मिलिमीटर ढिलाई म्हणजे पिस्टनची दोन मिलिमीटर चाल वाया, आणि मुळात ती चाल केवढीशी असते! पेडल दाबताना पहिला भाग नुसता पिन सरकवण्यात जातो आणि आपण सिलिंडरला दोष देत बसतो. भोक वेल्डरकडून भरून पुन्हा गोल ड्रिल करून घ्या, थोडक्या पैशांचं काम आहे. पुशरॉडच्या टोकाचं भोक पण तपासा.

नवीन सिलिंडरमधला प्लास्टिक बूच काढायला विसरू नका. बसवताना युनियन नट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवा, सिलिंडर सैल असतानाच, मग बोल्ट कसा, मग नट. उलट क्रमाने केलंत तर आटे तिरपे जायची भीती असते. पिन घातल्यावर पेडल सोडून बघा, पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, नाही आला तर आत दाब राहतो आणि क्लच स्लिप होतो.

नळीत शिरलेली हवा काढायला गाडीतून गिअरबॉक्सचं कव्हर काढा. स्लेव्हचं निपल (हवा काढायचं तोंड) वरच्या बाजूला असलं पाहिजे, खाली असेल तर दिवसभर पंप मारा, हवा आतच राहणार. टाकी भरून निपल उघडा आणि ऑइल आपोआप थेंब थेंब येऊ द्या, घाई नको, चहा घ्या, पण टाकीवर लक्ष ठेवा. मग मुलाला पेडलवर बसवलं, "दाब", निपल उघडलं, "धर", निपल बंद, "सोड". बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकी एकदा जरी रिकामी झाली तर पहिल्यापासून. नळीतून बाटलीत आलेलं ऑइल परत टाकीत ओतू नका, ते हवेतलं पाणी शोषतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर जास्तच. उघडा राहिलेला जुना डबा पण वापरू नका.

तपासायला इंजिन चालू करून क्लच दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र झालं नाही तर क्लच पूर्ण सुटतोय. लगेच पहिला टाकून कर्र झालं म्हणून घाबरू नका, हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर आवाज न होता जुळवणारी रचना) नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूटामागे टिशू पेपर फिरवा, कोरडा आला तरच कव्हर परत लावा.