लासलगावला एक-दोन मिनिटांचा थांबा: गाडी चुकू नये म्हणून

मुंबई-भुसावळ मार्गावर लासलगाव, निफाडसारख्या स्थानकांवर बहुतेक मेल-एक्स्प्रेस न थांबताच जातात. ज्या थांबतात, त्या एक-दोन मिनिटंच. म्हणून खरी तयारी गाडी येण्याआधीची.

आधी दिशा ठरवा. मुंबईकडून येणारी गाडी डाऊन, मुंबईकडे जाणारी अप. मध्य रेल्वेवर डाऊन गाडीचा क्रमांक सहसा विषम, अपचा सम: पंचवटी एक्स्प्रेस मुंबईला जाताना 12110, परतताना 12109. दिशेनुसार एरवी ठरलेला फलाटही मालगाडी उभी असली की बदलतो. त्यामुळे घोषणेकडे कान ठेवा आणि वीस मिनिटं आधी पोहोचा. ऐन वेळी फलाट बदलला तरी पुलावरूनच जा. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि उभ्या मालगाडीच्या आडून येणारी दुसरी गाडी दिसतच नाही.

तिकिटात हमखास चूक होते ती वेळेची. नाशिक रोडसारख्या 199 किलोमीटरच्या आतल्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे उशिरा असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच काढून ठेवलेलं तिकीट संध्याकाळी कामाला येत नाही. मोबाइलवरचं कागदविरहित तिकीट घरून निघतानाच काढा. स्थानकाच्या आवारात ते निघत नाही, तिथे खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. आरक्षण मनमाडपासूनचं असेल आणि चढायचं लासलगावला, तर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून घ्या. नाहीतर तुम्ही आला नाहीत असं धरून टीसी जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

सर्वांत जास्त घोळ डब्याचा. लहान फलाटावर डब्यांचे फलक असतीलच असं नाही. अ‍ॅपवर डब्यांचा क्रम पाहा, आपला डबा इंजिनापासून कितवा ते मोजा आणि त्या अंदाजाने आधीच उभे राहा. जनरलचे डबे बहुधा दोन्ही टोकांना असतात. अंदाज चुकला तर समोर येईल त्या डब्यात चढा; डबे आतून जोडलेले असतील तर आतूनच पुढे सरका, नसतील तर पुढच्या मोठ्या थांब्यावर डबा बदला. सामान असेल तर एकाने आधी चढून ते आत ओढावं, दुसऱ्याने खालून द्यावं. लहान मुलं मधे. गाडी हलली की मात्र चढू नका, पुढची गाडी पाहा.